'ऊन आम्हाला नवीन नाही': फाल्गुनात डोंगरात निघालेल्या पाच सोलापूरकरांना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचे पाच मित्र, वय पंचविशी-तिशीचं. रंगपंचमी ते गुढीपाडवा यांच्या मधल्या सुट्टीत रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीहून निघून, रतनगड करून, कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडापर्यंत तीन दिवस चालायचंय. तंबू, स्टोव्ह, शिधा, सगळं पाठीवर. दोघांनी पावसाळ्यात राजगड केलाय, तिघे अगदी नवे. पाणी किती घ्यावं, सामान काय, जायचं कसं, आणि मुळात हे जमेल का? शेवटी एक ओळ: 'ऊन आम्हाला नवीन नाही, आम्ही सोलापूरचे.'

उत्तराची सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासूनच करतो. मीही सोलापूरचा, पंचवीसएक वर्षं डोंगरात जातोय, आणि पहिली पाच-सहा वर्षं मीसुद्धा हेच म्हणत होतो. पण आपण सोलापूरकर ऊन सोसत नाही हो, चुकवतो. आपली आजी बघा. सकाळी नऊच्या आत बाजार, बारा वाजता खिडक्या बंद, दुपारी माठाचं पाणी आणि फरशीवर आडवं होणं, पाच वाजता अंगणात सडा. मार्चअखेरीस पारा चाळिशीकडे सरकला की दुपारी अर्धं गाव शटर ओढून बसतं. डोंगरात मात्र हाच माणूस सकाळी पोहे-चहा करून निवांत नऊला निघतो आणि भर एक वाजता बारा किलोची सॅक घेऊन उघड्या धारेवर असतो. आजीचं वेळापत्रक डोंगरात न्या, निम्मं नियोजन तिथंच झालं.

तिथली हवा इथल्यापेक्षा थंड असते, हे खरं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, म्हणजे फरक सहा अंशांचा. पण हाच गारवा फसवतो. वर वारा असतो, घाम लगेच वाळतो, शर्ट कोरडा दिसतो आणि आपल्याला वाटतं घामच आला नाही. शरीरातलं पाणी मात्र गेलेलं असतं. आधी चिडचिड सुरू होते, मग डोकं धरतं, मग पोटरीत गोळा येतो. गटातला सगळ्यात गप्पिष्ट माणूस अचानक गप्प झाला की समजा, त्याचं पाणी कमी पडलंय.

२००९च्या मार्चमधली गोष्ट सांगतो, किल्ल्याचं नाव घेत नाही. आम्ही चौघे. कुणीतरी लिहिलेलं वाचलं होतं की वर बारमाही पाण्याचं टाकं आहे. त्या भरवशावर माणशी दोन लिटर घेऊन निघालो आणि चढताना निम्म्याहून जास्त संपवलं. टाकं सापडलं. कातळात कोरलेलं, देखणं, आणि तळाशी टाचेएवढ्या भेगा पडलेला चिखल. त्यात एक चेपलेली बाटली आणि मधमाश्यांचा घोळका, उरलेल्या ओलीवर बसलेला. माझ्या मित्रानं दोर लावलेलं भांडं आत सोडलं होतं. ते चिखलावर ठण्ण वाजलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. चौघांत मिळून दीड लिटर उरलं होतं आणि वाजले होते साडेअकरा. एक जण म्हणाला, "चला बे, उतरून टाकू पटकन." तेव्हा लगेच उतरलो असतो तर एखादा नक्की पडला असता. गुहेच्या सावलीत पाच वाजेपर्यंत झोपून राहिलो, तासाला दोन-दोन घोट प्यायलो आणि ऊन कलल्यावर उतरलो. पायथ्याच्या पहिल्याच घरात एका आजींनी काही न विचारता ताकाचा गंज पुढे ठेवला.

तेव्हापासूनचा माझा नियम: पाणी 'आहे' असं मी फक्त त्या आठवड्यात तिथं जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकतो. पावसाळ्यातलं वर्णन मार्चमध्ये कामाचं नाही. तुमच्यापैकी ज्यांनी राजगड केलाय त्यांनी तो धबधब्यांच्या दिवसांत पाहिलाय. फाल्गुनातला सह्याद्री म्हणजे वाळलेली कारवी, सोनेरी गवत, पानं झडलेली झाडं, मध्येच पेटल्यासारखा पळस नि पांगारा, आणि पायाखाली घसारा. पाहायला मला तर पावसाळ्यापेक्षाही हे दिवस आवडतात, कारण डोंगराची हाडं दिसतात. पण ओढे आटलेले असतात.

हिशेब असा धरा. ओझं घेऊन चालायच्या दिवशी माणशी चार ते पाच लिटर पिण्याचं पाणी. एका वेळी पाठीवर तीन लिटर, आणि मध्ये कुठं भरायचं ते आधी ठरलेलं. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे तीन किलो इथंच गेले. वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड सॅक नवख्यानं उचलू नये, हा माझा आडाखा. साठ किलोचा माणूस असेल तर बारा किलो. त्यातले तीन पाण्याचे, दीड-दोन सॅकचे स्वतःचे. उरलेल्या सातात कपडे, अंथरूण, खाणं, औषधं. यात स्टोव्ह, भांडी, शिधा आणि तंबू बसवून दाखवा.

म्हणून पहिलं सांगणं: स्टोव्ह घरी ठेवा. तुम्ही रेल्वेनं जाणार, आणि गॅसचा डबा किंवा रॉकेल गाडीत नेणं गुन्हा आहे. दुसरं कारण वणवा. या दिवसांत गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी डोंगर जाळते. त्यातून हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथं शेकोटीचा विचारही नको. रतनवाडीत, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत आणि खुद्द गडावरही गावकरी पिठलं-भाकरी करून देतात. आधी फोन करून माणसं किती ते सांगून ठेवा, बस. दोन पैसे गावात राहतात आणि तुमचे दोन-अडीच किलो वाचतात. तंबूचंही तेच. गडावर तंबू भाड्यानं मिळतात, गावात कुणाच्याही पडवीत झोपायला जागा होते. मुक्कामाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा प्रवेशशुल्क भरताना वनखात्याच्या नाक्यावरच विचारून घ्या. मग पाठीवर घ्यायचं काय, असं विचाराल. पाणी!

वाटेत खायला मात्र आपल्या गावासारखं गाव नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. डोंगरासाठीच केल्यासारखी ही जोडी आहे: हलकी, आठवडाभर काही होत नाही, चूल लागत नाही, वर शेंगदाण्याचं तेल आणि मीठ आपसूक पोटात जातं. एकच काळजी घ्या. भाकऱ्या सॅकमध्ये उभ्या खोचल्या तर दुसऱ्या दिवशी चुराच खावा लागतो. स्टीलच्या पसरट डब्यात, मध्ये कागद घालून, पाठीच्या बाजूला आडव्या ठेवा. आणि कोरडी भाकरी पाणी मागते, म्हणून ती भर चढावर खाऊ नका, सावलीतल्या मुक्कामावर खा. चढताना गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्रं. पहिल्या दिवसासाठी दशम्या-धपाटे घ्या, दही मात्र सोबत बांधू नका. ओआरएसची पाकिटं माणशी चार. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि मीठ गेलंच नाही, तर गरगरणं थांबत नाही. टाक्याचं पाणी कितीही नितळ दिसो, फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा.

एका गोष्टीवर दर वर्षी वाद होतो, ती म्हणजे सोलापुरी चादर. घरची माया म्हणून आई दोन चादरी कोंबते. चादर उत्तम, पण जड, आणि रात्री वाऱ्यात उबेला पुरत नाही. गडावर मार्चमध्येही पहाटे हुडहुडी भरते. हलकी स्लीपिंग बॅग भाड्यानं घ्या. आपल्या जाडजूड टर्किश टॉवेललाही तोच न्याय. त्याऐवजी सुती पंचा घ्या. ओला करून डोक्याला बांधता येतो, मानेवर घेता येतो, पाणी गाळता येतं आणि दहा मिनिटांत वाळतो. मी बाकी सगळं विसरलो असेन, पंचा कधी विसरलो नाही.

आता वाट. तुमचा आराखडा तीन दिवसांत रतनगड, कात्राबाई आणि हरिश्चंद्रगड असा आहे. तिघे नवे असताना यातून रतनगड काढून टाका. मनाला लागेल, पण काढा. रतनवाडीला संध्याकाळपर्यंत पोहोचा, अमृतेश्वराचं देऊळ उजेडात निवांत बघा, जेवून आठला झोपा. प्रवरा याच रतनगडाच्या कुशीत उगम पावते, पण त्या आठवड्यात तिला पाणी किती हे गावातच कळेल. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघा, सोबत गावातला वाटाड्या. इथं काटकसर नको. खिंडीकडे जाताना रानात ढोरवाटा फुटतात, आणि वाळलेल्या पाचोळ्यात मळलेली वाट कुठली नि गुरांची कुठली ते भल्याभल्यांना कळत नाही. मोबाइलमधला नकाशा दिशा दाखवेल, पाणी दाखवणार नाही. बिदागी निघण्याआधी स्पष्ट बोलून घ्या, त्यात त्याच्या परतीचा खर्चही धरा. सॅक घेऊन खिंडीपलीकडच्या कुमशेत गावापर्यंत पाच-सहा तास धरले तर अकराच्या सुमारास सावलीला बसता. मग आजीची दुपार. चारनंतर पाचनईकडे निघा, किंवा पाय बोलायला लागले असतील तर कुमशेतलाच थांबा नाहीतर जीप बघा. जीपनं गेलं म्हणून कुणी नापास करत नाही.

तिसऱ्या दिवशी पाचनईहून पहाटे चढलात तर दोन-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी. ही गडाची सगळ्यात सोपी वाट, म्हणून नवख्यांना मुद्दाम इकडून चढवतोय. देवळामागच्या टाक्यांना बहुधा उन्हाळ्यातही पाणी असतं, तरी खात्री पाचनईतच करा. दुपार गुहांच्या सावलीत. केदारेश्वराच्या गुहेत भल्यामोठ्या पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी आहे आणि चार खांबांपैकी एकच उभा आहे. तिथं बसलं की बाहेर ऊन आहे हे विसरायला होतं. पाचनंतर कोकणकडा. कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो नकोत, वारा खालून वर येतो आणि झुळूक कधी धक्का होईल सांगता येत नाही. पोटावर पडून खाली बघा. मजाही जास्त येते. चौथ्या दिवशी उजाडताना टोलार खिंडीमार्गे खिरेश्वरला उतरायचं. मध्ये कातळटप्पा आहे, रेलिंग आहे, पण जड सॅक असली की तोल मागे जातो, तेव्हा एकेकानं. म्हणजे चाल तीनच दिवसांची, पण रजा चार दिवसांची काढा.

पक्षाचंही बघा. बहुतेक लोक पौर्णिमा धरून जातात आणि गडावर जत्रा भरते. तुमची रंगपंचमीनंतरची तारीख नकळत चांगली निघाली आहे. वद्य पक्षात चंद्र उशिरा उगवतो, पण पहाटे चार-पाचला डोक्यावर असतो. अष्टमीच्या आसपास तर चढाला बॅटरी अधूनमधूनच लागते. अमावास्येला टेकून गेलात तर हा फायदा जातो.

मार्चमधला एक धोका तुमच्या प्रश्नात कुठंच आला नाही: आग्या मोहोळ. कातळकड्यांना ही पोळी लटकलेली असतात आणि या दिवसांत ट्रेकर्सवर माश्या उठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. धूर, आरडाओरडा, स्पीकर आणि उग्र वास यांनी त्या चवताळतात. आमच्यातल्या एकानं निघताना काखेत अर्धी बाटली डिओ फवारला होता, त्याच्या एकट्याच्या मानेतून आम्ही अकरा काटे काढले. अत्तर, डिओ, सुवासिक तेल काही लावू नका. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. पंचा डोक्या-तोंडावर घ्या आणि आल्या वाटेनं भराभर मागे फिरा, सॅक जड होत असेल तर टाकून द्या. कड्याच्या बाजूला पळायचं नाही. काटा नखानं खरवडून लगेच काढा. कुणाला आधी माशी चावून श्वासाचा त्रास झाला असेल तर ते घरीच विचारून घ्या.

विंचू, फुरसं यांच्यासाठी एवढंच की बूट सकाळी झटकून घाला आणि दगड हातानं उलटे करू नका. अवकाळीचं मात्र लक्षात ठेवा. द्राक्षबागा झोडपणारी गारपीट आपल्याला माहीतच आहे, ती याच दिवसांतली. दुपारनंतर ढग दाटले, गडगड ऐकू आली, की धारेवर, माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका.

तयारीला आपलं गाव सपाट. मग करायचं काय? चार-पाच मजली इमारत शोधा, सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरा आणि जिना चढा. वर गेलं की पाणी कुंड्यांना ओता आणि रिकामं उतरा, गुडघे वाचतात. आठवड्यात तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, असे किमान चार आठवडे. सिद्धेश्वर तळ्याभोवती फेऱ्या मारणं चांगलंच, पण त्यानं मांड्यांना चढ कळत नाही. एखाद्या रविवारी तुळजापूरचा घाट पहाटे पूर्ण सामानासह चढून या. बूट कुठं चावतो, खांद्याचा पट्टा कुठं रुततो, आणि पाचांत कोण किती हळू आहे, हे त्या दिवशी कळतं.

हा हळू माणूस महत्त्वाचा. तो पुढून दुसरा चालेल, आणि सगळे त्याच्या चालीनं चालतील. सगळ्यात दमदार माणूस शेवटी. पुढचे थांबून वाट बघतात आणि मागचा पोहोचला रे पोहोचला की उठतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही, हे मी शंभरदा पाहिलंय. मागे फिरायची वेळही घरीच ठरवा. उदाहरणार्थ, दहापर्यंत खिंड आली नाही तर परत रतनवाडी. वर गेल्यावर "एवढं आलोय तर..." हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि मैत्रीत त्याला नाही म्हणणं अवघड जातं. आधी ठरलेलं असलं की भांडण होत नाही. वाट, मुक्काम आणि परतीचा दिवस लिहिलेला कागद घरी द्या. रेंज तुटक असते. अडचण आली तर ११२ किंवा १०८.

एक जण म्हणतोय की याऐवजी एप्रिलमध्ये थेट हिमालयातच जाऊ. जा, पण पुढच्या वर्षी. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून दिल्लीला थेट जाते, उत्तराखंडातल्या दयारा बुग्यालसारखं ठिकाण पहिल्या वेळेला छान आहे. पण तिथं एप्रिलमध्येही बर्फ भेटू शकतं, आणि ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नसते. ते वेगळंच गणित आहे, दहा दिवसांची रजा मागणारं. आधी इथं एकमेकांचा स्वभाव कळू द्या.

जाण्यायेण्याचं शेवटी सांगतो, पण काम पहिलं तेच करा. गाडी नेऊ नका. रतनवाडीला ठेवलेली गाडी आणायला खिरेश्वरहून डोंगराला भला मोठा वळसा पडतो. शिवाय तीन दिवस चाललेल्या माणसानं रात्री चारशे किलोमीटर चालवत सोलापूर गाठणं, हा माझ्या मते अख्ख्या सहलीतला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं कल्याण, तिथून कसारा लोकल, पुढे घोटीमार्गे जीपनं भंडारदऱ्याच्या काठाकाठानं रतनवाडी. परतताना खिरेश्वरहून खुबी फाटा, तिथून माळशेज घाटातून येणारी कल्याणची एसटी, आणि रात्री पुन्हा सिद्धेश्वर. दोन्ही टोकं कल्याणलाच जुळतात, म्हणून तर ही वाट आपल्याला सोयीची. सुट्टीच्या आठवड्यात सिद्धेश्वरचं परतीचं तिकीट मिळणं कात्राबाईच्या खिंडीपेक्षा अवघड असतं, तेव्हा ते आजच काढा. आणि एक धुतलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत सॅकच्या तळाशी ठेवा, डब्यातल्या शेजाऱ्यांसाठी.